शनिवारी चार ते सहा

शनिवार, ३ फेब्रुवारी
चारला पाच कमी असताना जावई बागेच्या फाटकाशी हजर! अजून जावईच म्हणायचं का, कोण जाणे — घटस्फोट व्हायचाय. नात लेकीकडे, आणि बापाला भेटीचा हक्क: शनिवारी चार ते सहा, आजोबांच्या देखरेखीखाली. म्हणजे माझ्या. कोर्टाचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. लेकीनं बजावलंय, "बाबा, नजर हटवायची नाही."
गाडीच्या लायसनच्या परीक्षा घेण्यात तीस वर्षं गेली माझी. भल्याभल्यांना नापास केलंय. हा कोण लागून गेला?

शनिवार, १० फेब्रुवारी
चूक सापडेना.
रस्ता ओलांडताना स्वतः गाड्यांच्या बाजूला, मिरची आतल्या बाजूला. मिरची म्हणजे आमची नात — वय पाच, तोंड पन्नाशीचं. तिनं विचारलंच, "तू घरी का नाही राहत?" मी कान टवकारले. आता हा लेकीची उणीदुणी काढणार! तर म्हणतो, "आईचं नि माझं पटत नाही. तुझं नि माझं पटतं, तुझं नि आईचं पटतं." संपलं. एक वाकडा शब्द नाही. मला नसतं जमलं.
शाळेत रीतसर अर्ज देऊन प्रगतिपुस्तकाची प्रत घेतली म्हणे. मी चिडवलं, "हक्क बरे पाठ आहेत!"
"वाचताना ती अडखळते, हे मला कळायला नको? शनिवारी पुस्तक कुठलं आणू मग?"
माणूस चांगला आहे. लेकीसमोर बोलायची सोय नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी
झोका मी देत होतो. जावई नळावर पाणी भरायला गेलेला. मिरची ओरडली, "आजोबा, अजून उंच!" आणि मी, सत्तरीचा गाढव, दिला उंच. पडली. हनुवटी फुटली, रक्तच रक्त. मी नुसता उभा!
त्यानं तिला उचललं, रुमाल दाबला, धावता धावता लेकीला फोन. दुखलं-खुपलं तर दुसऱ्या पालकाला लगेच कळवायचं, असं कोर्टाच्या हुकमात आहे म्हणे. दवाखान्यात संमतीच्या कागदावर सही त्याची. तीन टाके. मिरची त्याचं बोट सोडेना.
लेक धापा टाकत आली. "कशी पडली?"
मी तोंड उघडणार, तोच हा म्हणाला, "माझ्या वेळेत पडली. जबाबदारी माझी."
आणि मी गप्प राहिलो. गप्प!

रविवार, १८ फेब्रुवारी
जावयाला फोन करून विचारलं, असं का केलंत? म्हणाला, "तिचा तुमच्यावरचाही विश्वास उडाला, तर तिला आहे कोण?"
ज्या बाईशी कोर्टात भांडतोय, तिची काळजी! काय माणूस आहे!

मंगळवार, २० फेब्रुवारी
लेकीच्या वकीलबाईंनी अर्ज टाकलाय — बाप निष्काळजी, भेटी बंद करा. शुक्रवारी सुनावणी. जावयाला कळवलं, म्हटलं मी सांगतो खरं. "घाई करू नका, तुमच्या लेकीचं बघा आधी," म्हणाला. एका गप्प बसण्यापायी पोरीचा बाप जाणार.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
लेकीला तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा म्हटलं, "काही नाही."

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
सांगितलं. न्यायाधीशबाईंसमोर उभा राहून — झोका मी दिला, यानं माझी चूक अंगावर घेतली, आणि का घेतली तेही. जावई मान खाली घालून बसलेला.
लेक उठली. वकीलबाई तिची बाही ओढत होत्या. म्हणाली, "अर्ज मागे घेते. आणि देखरेख नको आता. त्याला एकट्यालाच नेऊ दे तिला."
माझ्याकडे तिनं अजून पाहिलेलं नाही.