उभ्याने घेतलेलं डिक्टेशन

राहाता,
मंगळवार, ६ मार्च १९७३

तीर्थस्वरूप शामदादास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार तुला आहे, काल आलेल्या तुझ्या पत्राला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इकडे सगळं बरं आहे. कालव्याला अजून थोडं पाणी आहे, म्हणून आमच्याकडचा दुष्काळ बराचसा वर्तमानपत्रात आहे. जामखेडला वहिनीला टँकरमागे घागर घेऊन पळावं लागतं हे वाचून जीव तुटला. परीक्षा संपल्या की मुलांना घेऊन तिला खुशाल इकडे पाठव, दोन महिने राहू देत. ह्यांची कारखान्यातली रात्रपाळी सुटली, त्यामुळे आता घरात माणसासारखं जेवण होतं. गुरुवारी शिर्डीला गेले होते, उदीची पुडी सोबत घातली आहे. मोठ्याला परीक्षेच्या दिवशी लाव.

झालं खुशालीचं. आता तुझं पत्र.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून दोन ओळींची माफी लिहून टाक,' असं तू लिहिलंयस. अरे, म्हणजे तू तुझ्या शाळूसोबत्याला, आमच्या साहेबांना, गाढव म्हणालास! मास्तर आहेस ना? वाचून तरी बघायचंस पाकीट चिकटवण्याआधी. मी एकटीच हसले खूप. मग हसू गेलं. कारण हरी अडलाय असं तू धरूनच चाललायस, आणि हरी काही अडलेला नाही.

साहेबांच्या, म्हणजे नृसिंहरावांच्या, शब्दाने मला विद्यापीठाच्या इथल्या कचेरीत स्टेनोची जागा मिळाली, त्यांच्याकडे शब्द तू टाकलास, जागा तात्पुरती आहे, सोमवारपर्यंत लेखी माफी दिली नाही तर मला कायम करणार नाहीत आणि एप्रिलपासून मी घरी बसेन, हे सगळं मला पाठ आहे. उपकार विसरले नाही. विसरू देतंय कोण? पण शिबिराची जी हकीकत त्यांनी तुला कळवली तिला ना शेंडा ना बुडखा. ती आता माझ्याकडून ऐक.

गेल्या महिन्यात विद्यापीठाने कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण शिबिर घेतलं. सक्तीचं. साहेब, कारकून, आम्ही टायपिस्ट-स्टेनो, शिपाई, झाडलोटीच्या बाया, सगळे एकाच हॉलमध्ये. शिकवायला मुंबईहून लीनाबाई म्हणून आल्या होत्या. मानेपर्यंत कापलेले केस, हातात रंगीत खडू, बोलणं गोड. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर चौकटी काढल्या आणि बाणांनी जोडल्या. वर कुलगुरू, खाली आम्ही. 'संस्थेचा विकास म्हणजे इमारती नव्हेत, तिथली माणसं,' असं त्या म्हणाल्या तेव्हा जेवणं होऊन तास झाला होता आणि निम्मी संस्था पेंगत होती.

शेवटच्या दिवशी म्हणाल्या, आज खेळ. ज्याने त्याने दुसऱ्याच्या जागी बसायचं आणि त्याच्यासारखं वागून दाखवायचं. इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही, अशी हमी दिली. मग नृसिंहरावांना म्हणाल्या, 'साहेब, तुम्ही आज तुमच्या स्टेनो व्हा. आणि प्रेमलाबाई, तुम्ही साहेब.' सगळ्यांत मोठ्याने नृसिंहरावच हसले. आपण किती दिलदार आहोत ते मुंबईच्या बाईंना दाखवायचं होतं ना!

मी टेबलामागच्या खुर्चीत बसले. ते वही-पेन्सिल घेऊन आले आणि सवयीने समोरची खुर्ची ओढायला लागले. मी म्हणाले, 'अंहं. बसायचं नाही. बसलं की हात जड होतो.'

हॉल खो खो हसला. कारण हे वाक्य त्यांचंच, रोजचं. सगळ्या जगात स्टेनो बसून लिहून घेते, आम्हाला वर्गात शिकवलं तेही बसूनच. पण नृसिंहरावांच्या खोलीत हाताखालच्या माणसाने बसायचं नाही. समोर तीन खुर्च्या आहेत, त्या पाहुण्यांसाठी. वही तळहातावर धरायची आणि उभ्याने लिहायचं, मग पत्र चार ओळींचं असो की अहवाल चाळीस पानी.

मी वार्षिक अहवालच सांगायला घेतला. मला तो तोंडपाठ आहे. का आहे ते पुढे येईल. मध्येच थांबवून 'पुन्हा पहिल्यापासून घ्या,' हेही त्यांचंच. पुन्हा हशा. मग हळूहळू हशा कमी झाला. ते या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. लीनाबाई म्हणाल्या, 'छान, पुरे आता.' मला ऐकू आलं, पण मी थांबले नाही. कपाळाचा घाम पुसत, हसरं तोंड करून ते म्हणाले, 'बाईसाहेब, जरा टेकू का?'

तेव्हा मी एक वाक्य बोलले. ते तुला त्यांनी कळवलेलं नाही, कळवणारही नाहीत. ते ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत आमच्या कचेरीत झाडलोट करणारी कडूबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

खेळ तिथे संपला. लीनाबाईंनी निघताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'तुमच्यामुळे शिबिराचं सार्थक झालं.' त्या एस.टी.त बसून गेल्या. सार्थक त्यांचं झालं, मेमो मला मिळाला. 'वरिष्ठांची जाहीर विटंबना.' खोलीतलं खोलीत राहणार होतं म्हणे!

आता तू विचारशील, असं काय बोललीस? सांगते. पण जरा मागे जावं लागेल.

राखीला मी आले नाही म्हणून तू रुसला होतास. वहिनीने पुरणपोळ्या केल्या होत्या, तू स्टँडवर दोन गाड्या बघून परत गेलास. मी लिहिलं, ताप होता. ताप नव्हता, दादा.

त्याआधी आषाढात मी तुला एक पत्र लिहिलं होतं, आठवतं का? उभं राहून पाय भरून येतात, कंबर धरते, नृसिंहरावांच्या कानावर एक शब्द घाल, तुझं ऐकतील, असं. तू उत्तर पाठवलंस, 'कष्टाची लाज धरू नये. मीही दिवसभर फळ्यापुढे उभाच असतो. मित्राकडे असली बारीकसारीक गाऱ्हाणी नेणं बरं दिसत नाही.' खाली वहिनीचे आशीर्वाद. तेव्हा मला दिवस गेले होते, ते मी तुला लिहिलं नव्हतं. पाचवा लागल्याशिवाय माहेरी कळवायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून या एका गोष्टीचा दोष तुला देत नाही. पण मला एक सांग, पोट असल्याशिवाय बाईचे पाय दुखत नाहीत का रे? नुसतं 'पाय दुखतात' एवढं पुरे नव्हतं?

श्रावणात अहवालाचं काम निघालं. मला चौथा महिना होता. सकाळी उभी राहिले ती दुपार झाली तरी उभीच. 'पुन्हा पहिल्यापासून घ्या.' कंबरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हणाले, 'साहेब, जरा टेकू का?' त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. म्हणाले, 'पहिलटकरणींची नाटकं मला ठाऊक आहेत. घ्या पुढे.'

म्हणजे त्यांना माहीत होतं. ऐकलंस ना? माहीत होतं.

आणि मी पुढे घेतलं. नोकरी तात्पुरती, उपकार मोठे, भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर मी पुढे घेतलं. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा वाक्य अर्धं राहिलं. कडूबाईने मला धरलं, टांग्यात घातलं, दवाखान्यात नेलं. राहिलं नाही. मुलगा की मुलगी ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आठ दिवसांनी कामावर गेले तर साहेब म्हणाले, 'बरं वाटतंय ना? तो परिच्छेद अपुरा आहे.' मी पुन्हा उभी राहिले.

तर शिबिरात मी बोलले ते वाक्य हेच. 'पहिलटकरणींची नाटकं मला ठाऊक आहेत. घ्या पुढे.' त्यांच्याच स्वरात, मान वर न करता. पदरचा एक शब्द घातला नाही. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्यांच्याच. आता माझ्याकडून माफी मागवायची ती कशाची? मी त्यांचं बोलणं चुकीचं उतरवून घेतलं असेल तर तेवढं त्यांनी दुरुस्त करून द्यावं.

मी हे तुला सात महिने का सांगितलं नाही? कारण मला भीती होती की तू म्हणशील, 'नशीब. त्यांचा काय दोष?' आणि तू तसं म्हणाला असतास तर मला माहेर राहिलं नसतं. अजूनही म्हणशील कदाचित. पण आता मी ते ऐकून घ्यायला भीत नाही.

परवा कडूबाई घरी आली. तिला कुणीतरी सांगितलं, बाई माफी लिहून देणार. उंबऱ्यातूनच कडाडली, 'व्हय वो, माफी कशापायी? त्या दिशी ती फरशी म्या पुसल्ती. साहेब बाहीर व्हरांड्यात उभं ऱ्हाऊन इचारत हुतं, झालं का न्हाई साफ म्हनून. तुमी लिवून दिलं तर मी तुमच्या घरचं पानी बी पिनार न्हाई.' मी तिला बळेच बसवलं आणि चहा दिला. बशीत ओतून प्यायली. म्हणजे तिला माझं उत्तर कळलं.

हे काय म्हणाले ते विचारशील. ह्यांना फार बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाले, 'एका पगारात ओढाताण होईल. होऊ दे.' आणि विडी ओढायला बाहेर गेले. आत आले तेव्हा डोळे लाल होते, म्हणाले, धूर गेला.

काल मी मेमोचं उत्तर दिलं. माफी दिली नाही, अर्ज दिला. त्यात एवढंच मागितलं आहे, की डिक्टेशन घेताना स्टेनोला बसायला खुर्ची मिळावी, मी नसले तरी माझ्या जागी येईल तिला मिळावी. एक प्रत कुलगुरूंना टपालाने रवाना केली. कचेरीतली मंडळी म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर. असू दे. सोमवारी मी कामावर जाणार, पाहुण्यांची एक खुर्ची ओढणार आणि बसून लिहिणार. काढायचं असेल तर बसल्या जागेवरून काढा म्हणावं. आजवर शेपूट घालून पुष्कळ झालं.

तू लिहिलंस की माझा हट्ट सुटत नसेल तर रविवारी तूच येतोस, आणि नृसिंहरावांच्या बंगल्यावर जाऊन माझ्या वतीने माफी मागतोस. ये ना! जरूर ये. मी अडवणार नाही. वडील भाऊ आहेस, तुझा तेवढा हक्क आहे.

फक्त एक कर. तिथे गेलास की ते तुझ्या पाठीवर थाप मारतील, दिवाणखान्यात नेतील, वेताची खुर्ची पुढे करतील. बसू नकोस. पाहुणा म्हणून नाही, प्रेमलाच्या वतीने आला आहेस, तेव्हा उभा राहा. चहा आला तरी उभा राहा. ते आग्रह करतील, संकोचतील, का बसत नाहीस म्हणून विचारतील. तुझे पाय भरून येतील, कंबर धरेल. फळ्यापुढे येरझाऱ्या घालणं वेगळं, साहेबासमोर खिळून उभं राहणं वेगळं, ते कळेल. मग त्यांना विचार, 'जरा टेकू का?' आणि त्यांच्या तोंडाकडे बघ.

एवढं करूनही माफीचे शब्द तुझ्या तोंडून बाहेर पडले, तर खुशाल माग. मी तुला काही म्हणणार नाही. तिथून परस्पर जामखेडची गाडी धर.

नाही पडले, तर घरी ये. पाट मांडलेला असेल. राखीची पुरणपोळी राहिली आहे, ती रविवारी करते.

वाट बघणारी, पण माफी न मागणारी,
तुझी
प्रेमला