परसादाला कुठं खाणं म्हणतेत?

अहो वैशूचे पप्पा,

चौदा वर्षं एका घरात राहून तुमच्याशी धड बोलले नाही आणि तुम्ही गेल्यावर चौथ्या महिन्यात पत्र लिहायला बसलेय. हसा! पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज वैशूला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "लहानपणी भूल देताना काही झालं होतं का?" हा प्रश्न आला की तुम्ही खुर्चीतून अर्धे उठायचात. "चूक माझी हाय साहेब. मी पेढा दिल्ता." आज तुम्ही नव्हतात. मग मी काय बोलले असेन? "हिच्या वडलांनी पेढा दिला होता." मेलेल्या माणसाच्या माथी मारायला काय लागतं!

वैशू शेजारीच बसली होती. एकोणिसावं लागलंय तिला. परत येताना एस.टी.त म्हणाली, "आई, पप्पांनी पेढा दिल्ता म्हणून माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई का?"

तो दिवस तुम्ही विसराल कसे? वैशू साडेचार वर्षांची. डोक्यातली गाठ काढून झाली होती आणि मुंबईच्या दवाखान्यात रोज रेडिएशनचा शेक सुरू होता, सहा आठवडे. एवढंसं लेकरू मशीनखाली निपचित कसं पडणार? म्हणून रोज सकाळी भूल, आणि भुलीसाठी उपाशी पोट. पाण्याचा घोटसुद्धा नाही. तुम्ही अंगारकीला राजूरच्या गणपतीला साकडं घातलंत आणि रात्रभर एस.टी.त बसून थेट दवाखान्यात आलात. मी केसपेपर आणायला गेले तेवढ्यात पोरीच्या तोंडात पेढा!

"अहो, उपाशी ठेवायला सांगितलंय ना!"

"अगं, परसाद हाय तो," तुम्ही म्हणालात. "परसादाला कुठं खाणं म्हणतेत?"

कारखान्याच्या काट्यावर बसून उसाच्या गाडीतला दहा किलोचा फरक पकडणारे तुम्ही! एका पेढ्याचं वजन कळलं नाही?

भूल चढली आणि तिला उलटी झाली. ती श्वासात गेली. ओठ निळे पडले. दोन दिवस नाकातोंडात नळ्या होत्या. जगली. शेकही पुढे पुरा झाला, गाठ काही परत आली नाही. पण पोर शाळेत मागेच राहिली. दुसरीचं पुस्तक तीन वर्षं चाललं. सकाळी शिकवलेलं दुपारी गायब. मीठ आणायला पाठवली तर दुकानाच्या पायरीवर तासभर उभी राहायची, कारण काय आणायचं तेच आठवायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, गाठीमुळे असेल, कोवळ्या मेंदूला बसलेल्या शेकामुळे असेल, त्या दिवशी श्वास अडकला त्यामुळे असेल, एवढ्या वेळा दिलेल्या भुलीमुळेही असेल. नक्की सांगता येत नाही. मला ते 'असेल' नको होतं. मला धरायला एक माणूस हवा होता, आणि तुम्ही घरातच होतात. "तुमच्या पेढ्यानं माझ्या लेकीचं डोकं खाल्लं." शेजारणींसमोर म्हणायचे, तुमच्या बहिणीसमोर म्हणायचे, वैशूसमोरही म्हणायचे. तुम्ही राजूरला जाणं सोडलंत. गोड सोडलंत. साखर कारखान्यातला माणूस बिनसाखरेचा चहा पितो म्हणून लोक तुमची चेष्टा करायचे.

आता खरं लिहिते. भूल द्यायच्या खोलीच्या दारात सिस्टरनं विचारलं होतं, "काही खाल्लं-प्यालं नाही ना?" मी पदरानं वैशूचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "काही नाही."

वेलदोड्याचा वास येत होता हो तिच्या तोंडाला! पण दोनच दिवसांपूर्वी ती नळाचं पाणी प्याली होती, ते मी खरं सांगितलं, तर आम्हाला परत पाठवलं होतं. शेकात खंड पाडू नका म्हणून वर बजावलंही होतं. मला आणखी एक दिवस बुडू द्यायचा नव्हता. आणि मलाही वाटलं, प्रसादच तर आहे.

तुम्ही तिथंच उभे होतात. तुम्ही पदरही पाहिलात आणि माझ्याकडेही पाहिलंत.

मग का नाही बोललात? चोराच्या उलट्या बोंबा चौदा वर्षं ऐकून घेतल्यात! एकदा तरी विचारायचं होतं, "सुमन, तोंड कुणी पुसलं?" मी भांडले असते, ऊर बडवून रडले असते, पण मोकळी झाले असते. तुम्ही गप्प राहून चांगले राहिलात आणि मला आहे तशीच ठेवून गेलात. याचा मला राग आहे. तुम्ही मेलात तरी आहे.

उद्या सकाळी वेणी घालताना वैशूला सांगणार आहे. पेढा पप्पांनी दिला, पण तोंड मी पुसलं आणि खोटं मी बोलले. ती चिडेल, वेणी अर्धी सोडून उठून जाईल. दाखल्याच्या पुढच्या तारखेला डॉक्टरांनाही हेच सांगेन.

पण संध्याकाळपर्यंत ती विसरेल आणि पुन्हा विचारेल, पप्पांमुळं का? तुमचा पेढा तेवढा तिच्या पक्का ध्यानात आहे, कारण तो मीच तिच्याकडून इतकी वर्षं घोकून घेतलाय. आता हे घोकून घेईन. ती जितक्या वेळा विसरेल, तितक्या वेळा पहिल्यापासून सांगेन.

तुमची,
सुमन