गाणं नसलेली भूमिका

न्यूयॉर्क,
१२ ऑक्टोबर १९५८

प्रिय थेल्मा,

तुझा सफरचंदाचा मुरंबा पोचला. एक बाटली वाटेत फुटली, दुसरी मी आणि तुझ्या मेहुण्याने, रॉयने, फस्त केली. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, उगाच जिने चढू नकोस. इकडे थंडी पडू लागलीय. नाटक जोरात चाललंय.

चाललंय हे खरं, पण आता नायिका मी नाही. लोरेन नावाची मुलगी ते काम करते.

ऑगस्टमध्ये दुपारच्या खेळात शेवटच्या गाण्यातला वरचा सूर लावायला गेले आणि आवाज फुटला. लोकांना वाटलं विनोदच आहे. खूप हसले. पडदा पडल्यावर बोलायला गेले, तर तोंडातून नुसती हवा आली. घशात गाठ होती. ती काढली आणि डॉक्टरांनी महिनाभर कुजबुजायलाही बंदी केली. आईला यातलं काही सांगू नकोस.

लोरेन भेटायला आली होती. म्हणाली, "रागावणार नसाल तर विचारते. त्या लांबलचक ओळीत तुम्ही श्वास कुठे घेता हो? मी तर गुदमरते."

मी पाटीवर लिहून दिलं. ती गेल्यावर पाटी भिंतीवर आपटावीशी वाटली. रॉयने ती माझ्या हातून हळूच काढून घेतली आणि सूप गरम करायला गेला.

बंदीचा महिना सरल्यावर आमचे दिग्दर्शक केसलर आले. "घरमालकिणीचं काम करणारी बाई सोडून चाललीय. करतेस?"

"गाणं?"

"एकही नाही."

"मग मी कशाला?"

"तुझा सूर गेलाय, ऑगस्टा. तू कुठे गेलीयस?"

दोन दिवस त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि हो म्हणाले.

मंगळवारी उभी राहिले. पूर्वी मी रंगमंचावर आले की टाळ्या पडायच्या. या वेळी कुणी ओळखलंही नाही. दार उघडून मी लोरेनच्या नाटकातल्या प्रियकराकडे खालपासून वरपर्यंत नुसतं पाहिलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा खो खो हसला, मग सगळं थिएटर. या वेळी मी हसवलं होतं.

नंतर विंगेत उभं राहून तिचं गाणं ऐकलं. ती छान गाते, थेल्मा. हे लिहायला मला बराच वेळ लागला.

वरचे सूर परत येणार नाहीत. नाताळला चर्चमधल्या गाण्यासाठी माझं नाव दिलं असशील, तर काढून टाक.

रविवारी फोन करीन. आवाज जाडाभरडा, परक्या माणसासारखा वाटेल. चुकून लागला म्हणून ठेवू नकोस. मीच असेन.

तुझी,
ऑगस्टा