मंगलाष्टकं संपेपर्यंत

भोर, ६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी,

सा. न. वि. वि.

आमच्या परसातल्या संडासाच्या दाराची कडी हा या घरातला सर्वात जुना अन्याय आहे, हे मी पूर्ण गांभीर्यानं आपल्या कानावर घालतो. सुतारानं ती कोणत्या जन्माचं वैर काढायला बसवली कोण जाणे. लावताना किंचाळते, काढताना विव्हळते. माणूस रात्री मुकाट उठून मुकाट परत यावा, तर ही त्याची दवंडी पिटते. रत्ना अंथरुणात पडल्या पडल्या मोजते. परवा सकाळी शेजारच्या सगुणाबाईंनी कुंपणावरून मला विचारलं, की काल पाचदा की सहादा, कारण चौथ्यानंतर त्यांचा डोळा लागला होता. ज्या गावात माणसाच्या अशा खाजगी गोष्टीची खानेसुमारी होते, तिथं भाताची गिरणी चालवून इज्जत कमावण्यात काय अर्थ आहे, सांगा.

असो. आपला मोबाईल फक्त वरच्या उंबराखाली लागतो, आणि तिथं बोललेलं साऱ्या वस्तीला ऐकू जातं, म्हणून हे कागदावर. चि. स्नेहलची तारीख ठरल्याचं कळलं. फार आनंद झाला. मामा म्हणून आहेर, फेटे, तांदळाची पोती, सगळं माझ्याकडे लागलं. एकच विनंती. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभं राहायला मी चुलतभाऊ कुमारला पाठवतो. माझा गुडघा हल्ली उभं राहू देत नाही. कुमार उंच आहे, फोटोतही बरा दिसतो.

अक्काला नमस्कार. आमच्यावरचा लोभ आहेच. तो काट्यावर येत नाही, म्हणून खुशाल वाढू द्यावा.

आपला मेहुणा,
सोमनाथ

*

वेल्ह्यावरची वस्ती, १६ जानेवारी

चि. सोमनाथ यास सिद्धनाथचे अ. उ. आ.

तुजं पत्र पोचलं. म्या दोनदा वाचलं आन दोन्ही येळंला राग आला. तुज्या अक्कानं वाचलं आन ती चुलीपुढं तोंड फिरवून बसली. स्नेहलला सांगितलं तर ती म्हणली, कुमारमामा पाठीशी उबा राहणार असंल तर मी बोहल्यावर चढत न्हाई, बाकीचं तुमी बघा. पोरगी चार वर्साची होती तवापास्नं तू तिला सांगत आलाईस का लग्नात मी तुज्यामागं उबा राहीन. आता शब्द फिरवतोस.

तुजी अक्का म्हणते, मागं दूधवाल्याच्या टेम्पोपायी आपलं वाजलं त्ये तू मनात धरलंस. म्या म्हणलं न्हाई. गुडगा बी न्हाई. तुज्या गुडग्याला काय बी झालेलं न्हाई, हे म्या दिवाळीला पाह्यलंय.

दिवाळीला तू हितं दोन रात्री ऱ्हायलास. पयल्या राती तू तीनदा भाईर गेलास तवा कुत्रं भुकलं. चौथ्यांदा त्यानं निसतं शेपूट हलवलं. साव्यांदा उठलं बी न्हाई, वळखीचा झालास. आन सकाळी तू मोजे काढलेस तवा तुज्या घोट्यावर मोज्याची खाच करगोट्यावानी रुतलेली. तू बोलण्यात गुतलास तवा म्या अंगठ्यानं तुजी नळी दाबून पाह्यली. खड्डा पडला आन तसाच ऱ्हायला. म्या तवा बोललो न्हाई, ही माजी चूक.

आमच्या मेंढराच्या जबड्याखाली पाणी साचलं का आमी जबड्याला औशद लावत न्हाई. म्हणतो, आत कायतरी बिगाडलंय, ते शोधा. तुज्या पायात पाणी साचतंय आन तू कडीला शिव्या देतोस.

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नगं. मला बी तीन वर्सं तेच हाय. पुरुषाला मुताच्या पिशवीखाली एक गाठ असती, वय झालं का ती सुजती, त्याला पोस्टेट म्हणत्यात. मी वाळका, रोज मेंढरामागं पाच कोस चालतो, तरी मला झाली. पर मला राती दोनदा, तुला सा येळा. ह्यो चार येळंचा फरक कुटनं आला, त्ये डाक्टरला इचार.

आन एक ध्यानात ठेव. माज्या लग्नात कानपिळीला तू माजा कान असा पिळलास का तीन दिस लाल होता. रीत म्हणून म्या पागोटं दिलं, वर हसलो. त्या कानाचं देणं तुज्याकडं अठ्ठावीस वर्सं हाय. म्या मागितलं न्हाई. आता ह्ये एवडं कर, पोरीमागं उबा ऱ्हा.

माया हाय म्हणून बोलतो. ती आटू देऊ नगं.

सिद्धनाथ

*

भोर, १ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दाजी,

सा. न. वि. वि., आणि यावेळी नमस्कार खरोखर साष्टांग, कारण आता जमिनीपर्यंत वाकता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे!

गुडघा खोटा होता. कबूल. खरं असं, की दहा मिनिटं एका जागी उभा राहिलो की मला जावंच लागतं. मारुतीच्या आरतीतून दोनदा निघालोय. डोळ्यांपुढे सारखं एकच चित्र: मंडप भरलेला, अंतरपाट धरलेला, आणि नवरीचा मामा फेट्यासकट मक्याच्या शेतात पळतोय. मोबाईलवाले माझाच व्हिडिओ काढतील. त्या धास्तीनं दुपारनंतर पाणीच बंद केलं होतं. त्यानं जळजळ वाढली, फेऱ्या तेवढ्याच.

आपलं पत्र खिशात घालून डॉक्टरकडे गेलो. खालच्या भाडेकरूची तक्रार घेऊन गेलो होतो, त्यांनी वरच्या घरमालकाचीच चौकशी लावली. छातीला तारा जोडल्या, पडद्यावर हृदय धडधडताना दाखवलं, रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. मी दोनदा सांगितलं की दुखणं खाली आहे. ते म्हणाले, रक्त खाली-वर असं पाहत नाही, नळ्या एकच आहेत.

निकाल ऐका. ब्लडप्रेशर एकशे सत्तर. साखर उंबरठ्यावर. हृदय थोडं थकलेलं, पण वेळेत आलात म्हणाले. प्रोस्टेट वाढलेलं आहे, पण रक्ताच्या तपासणीत आणि हातानं तपासून संशयाचं काही दिसलं नाही. (हाताची तपासणी कशी होते ते आपल्याला ठाऊक असेलच. त्याबद्दल दोघांनीही आयुष्यभर मौन पाळू.)

आणि आपल्या चार फेऱ्यांच्या फरकाचा हिशेब लागला! मी दिवसभर गिरणीत खुर्चीवर पाय लोंबकळत बसतो. थकलेलं हृदय ते पाणी वर ओढू शकत नाही, ते पायात उतरतं. रात्री आडवा झालो की तेच पाणी रक्तात परत येतं, आणि मूत्रपिंडं ते इमानानं बाहेर काढतात. म्हणजे मी दिवसाचं रात्री भरत होतो. शिवाय पोटाची चरबी. ती नुसती पट्ट्यावरून डोकावत नाही, तिच्या पायी अंगात बारीक सूज राहते, शिरा कडक होतात, त्या गाठीचाही रक्तपुरवठा बिघडतो, आणि पोटाचा भार पिशवीवर पडतो.

आता सगळ्यात थोर गोष्ट. ब्लडप्रेशरची माझी एक गोळी लघवी वाढवणारी आहे. सकाळी घ्यायची. रत्ना सगळ्या गोळ्या रात्रीच्या ताटात लोणच्याशेजारी मांडते आणि मी दोन वर्षं ती झोपताना घेतोय! डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहण्यासारखाच होतो.

गोळी सकाळी लागली. गाठीसाठी एक वेगळी दिली आहे. ती घेतल्यावर सावकाश उठायचं. पापड-लोणचं तुटलं. दुपारी तासभर पाय पोत्यावर वर. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी बेतानं. आणि घर ते उत्रोलीची गिरणी रोज पायी. पहिल्या दिवशी पोत्यांच्या काट्यावर चढलो: अठ्ठ्याण्णव. आमचा हमाल गेनबा म्हणाला, मालक, दोन किलोसाठी क्विंटल हुकला.

कुमारला येऊ नकोस म्हणून कळवलं आहे. पण दाजी, मला अजून खात्री नाही. अक्काला काय सांगायचं ते आपणच ठरवा.

लोभ ठेवावा, वजन मी कमी करतो.

सोमनाथ

*

वस्ती, २० फेब्रुवारी

चि. सोमनाथ यास अ. उ. आ.

तुज्या अक्काला म्या सगळं सांगितलं. ती आदी रडली, मग हसली, मग म्हणली का भावाला सांगा, मंडपाला लागून मागं एक पत्र्याचा संडास हाय, त्याची कडी म्या काढून टाकते.

म्या भटजीला गाठलं. म्हणलं, आमच्या हितं आदी पुढाऱ्यांचे सत्कार व्हत्यात, मग मंगलाष्टकं, मग आत्या-मावश्यांची सोताची जोडलेली. अर्धा-पाऊण तास जातो. सत्कार बंद करतो आन अष्टकं पाचावर आण. भटजी तयार हाय. तू सांग, आणू का? पोरीला कळू देणार न्हाई.

चालताना चपला घालू नगंस, बूट घे. दम लागला, छातीत धरलं, तर थांब आन डाक्टरला सांग. मर्दपणा करू नगंस. मेंढरू थकलं तर आमी बी कळप थांबवतो.

तुजा,
सिद्धनाथ

*

भोर, १२ एप्रिल

तीर्थस्वरूप दाजी,

सा. न. वि. वि.

एक अष्टकही कमी करायचं नाही! आत्या-मावश्यांचीही सगळी होऊ देत, त्यांची यमकं कितीही लंगडी असोत. सत्कार मात्र बंद ठेवा. ते माझ्या प्रकृतीसाठी नव्हे, गावाच्या प्रकृतीसाठी.

कारण ऐका. काल काट्यावर एकोणनव्वद भरलो. गेलेल्या नऊ किलोंची गेनबानं वहीत तूस म्हणून नोंद केली. मोज्याची खाच पुसट झाली आहे. ब्लडप्रेशर एकशे बत्तीस. डॉक्टर म्हणाले, गाठ काही नाहीशी होणार नाही, वयाबरोबर ती राहणारच. पण तिच्याभोवतीचं सगळं निवळलं की ती शहाण्यासारखी वागते.

गिरणीत तालीमही घेतली. तांदळाचं पोतं उभं केलं, त्याला रत्नाची जुनी साडी नेसवली, ती स्नेहल. मी मागं फेटा बांधून. गेनबाला मंगलाष्टकं येत नाहीत, म्हणून त्यानं भजनं म्हटली. पहिल्या खेपेला बाराव्या मिनिटाला पळालो. दुसऱ्या आठवड्यात वीस. परवा चाळीस! गिऱ्हाइकं दारात उभी, त्यांना वाटलं पोत्याची पूजा आहे. कोणीतरी हळद वाहून गेलं.

मध्ये एकदा घसरलो. पाडव्याला शेजारून आलेल्या भज्यांना आणि लोणच्याला नाही म्हणवलं नाही. कडी चारदा वाजली. सगुणाबाईंनी सकाळी फक्त मान हलवली. त्यांच्या पसंतीतून उतरल्याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि एक सांगतो, कोणाला दाखवू नका. मागच्या आठवड्यात एका रात्री कडी फक्त एकदा वाजली. पहाटे जाग आली तर रत्ना उठून बसलेली आणि तिचा हात माझ्या छातीवर. मी विचारलं काय झालं. म्हणाली, आवाज आला नाही म्हणून पाहत होते. एवढी वर्षं मला वाटायचं ती फेऱ्या मोजते. ती फेऱ्या नव्हती मोजत, दाजी.

लोभाचा भार सोसायला आता तब्येत चांगली आहे.

सोमनाथ

*

भोर, ९ मे

तीर्थस्वरूप दाजी,

सा. न. वि. वि.

काल पोचलो. स्नेहलचा सासरहून फोन आला, तिथं रेंज आहे, म्हणजे पोरगी सुखात आहे.

एकोणचाळीस मिनिटं. मी फेट्याखालून मंडपातल्या घड्याळाकडे पाहत होतो. आपल्या थोरल्या बहिणीचं तिसरं कडवं संपेना, तेव्हा पिशवीनं पहिली हाक दिली. मी पायाची बोटं बुटात आवळली. तेवढ्यात स्नेहलनं मागं हात केला आणि माझ्या करंगळीला धरलं, चार वर्षांची असताना जत्रेत धरायची तसं. तिचा हात थंडगार होता. मग मला पिशवीची आठवण राहिली नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि त्यानंतर मी कुठे गेलो हे आपण पाहिलंच आहे. कडी खरंच काढलेली होती. अक्का शब्दाची पक्की.

आता कामाचं. पाठवणीला सगळे गाडीभोवती रडत असताना आपण एकटेच मेंढरांच्या वाड्यामागच्या दगडावर जाऊन बसलात. मी शेजारी येऊन बसलो आणि डोकं वाकवून कान पुढे केला. आपण पागोटं मागं सारलंत. मग पिळलात. हलकेच पिळाल असं वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षांचं व्याज धरलंत. मी ओरडलो नाही, आपणही हसला नाहीत. आपले डोळे ओले होते ते पोरीसाठी, असं मी धरून चालतो.

अक्कानं निघताना विचारलं की तुझा कान एवढा लाल कशानं. मी गांधीलमाशी म्हणून सांगितलं आहे. तिनं विचारलं, तर आपणही गांधीलमाशीच सांगा.

देणं फिटलेला,
सोमनाथ