राणीला एकटं ठेवायचं असतं

७ जुलै
बायको, विमल, पिंपरीला मुलाकडे, जितेशकडे आहे, नातवाला सांभाळायला. महिन्याभरासाठी म्हणून गेली, चार झाले. मला फरक पडत नाही. उलट टीव्हीचा रिमोट मिळतो. आज पडवीत ट्यूबलाइटखाली पंख गळलेली मोठी काळी मुंगी सापडली. यूट्यूबवर बघितलं, ही राणी. एकटीच अख्खी वसाहत उभी करते. ठरलं. आमच्या चौक गावात आजवर कुणी मुंग्या पाळलेल्या नाहीत.

८ जुलै
राणी टेस्ट ट्यूबमध्ये. ट्यूब रसायनीच्या कंपनीतली. रिटायर होताना लॅबची आठवण म्हणून आणली होती, ती चोरी नव्हे. तळाशी पाणी, मग कापूस, मग राणी, मग तोंडाला पुन्हा कापूस. आता दीड महिना अंधारात ठेवायची. खायला द्यायचं नाही, हलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. सोपं आहे. कपाटात ठेवली.

८ जुलै, संध्याकाळी
एकदा बघितली. ठीक आहे.

१० जुलै
बऱ्याचदा बघितली. पण ते चेकिंग होतं, बघणं नव्हे. लॅबची सवय.

१५ जुलै
अंडी घातली. रव्याच्या कणाएवढी. विमलला फोन केला. बाळाला भरवतेय, नंतर करते म्हणाली. नंतर मीच केला. व्हिडिओवर दाखवली, तिला दिसली नाहीत. मुंग्या बाहेर आल्या की बघायला येईन म्हणाली. म्हणजे येणार. लादी पुसायला काढली पाहिजे.

१९ जुलै
समोरचा पंक्चरवाला चांगो आला. त्याला सगळं सायंटिफिकली समजावलं. म्हणाला, "मुंग्या पाळायच्यात तर माज्या घरातल्या ने रं, फुकट देतो." असल्या लोकांमुळे आपण मागे आहोत. तरी म्हटलं बस, चहा टाकतो. बसला नाही, गिऱ्हाईक होतं.

२२ जुलै
अंडी दिसत नाहीत. यूट्यूबवाला म्हणतो, राणीला सारखा त्रास दिला की ती आपली अंडी खाते. इथे तिला कसला त्रास? कपाटात एकटी पडून कंटाळली असणार. आजपासून जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. कापूस थोडा सैल केला, हवा लागते. साखरेचे दाणेही टाकले. उपाशी बसलेल्यासमोर आपण कसं जेवायचं?

२४ जुलै
तिनं साखरेला तोंड लावलं नाही. मी मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

३० जुलै
कामकरी मुंग्या जन्मल्या. सकाळी बघतो तर ट्यूबमध्ये गर्दी. यूट्यूबवाल्याला दीड महिना लागतो, मला तीन आठवडे पुरले. प्लॅनिंग म्हणतात याला. राणी मोठी काळी, या बारीक तांबड्या. पण लहान आहेत, रंग मागाहून चढेल. काहीजणी तर रांगेनं खिडकीबाहेर ड्यूटीवरसुद्धा निघाल्या. पहिल्याच दिवशी फर्स्ट शिफ्ट. राणी आडवी पडून आहे. बाळंतीणच ती, विश्रांती हवी.
विमलला कळवलं. रविवारी येते म्हणाली. लादी दोनदा पुसली.

२ ऑगस्ट
विमल आली. बारीक झाली आहे. चष्मा लावून तिनं ट्यूब बराच वेळ बघितली. मग हळूच म्हणाली, "अहो, या साखरेच्या मुंग्या हायत. त्यांनी राणीला खाल्लीय."
बघितलं. डोकं होतं, आणि एक पाय. मी म्हणालो, हा निसर्ग आहे. आवाज जरा बसला होता, हवा बदललीय. तिनं ट्यूब मोरीत नेऊन धुतली. मग आमटी-भात केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. तुमी बरे हायात ना, असं विचारलं. म्हटलं, हंड्रेड पर्सेंट.

३ ऑगस्ट
सकाळी विमल परत गेली. बाळ तिच्याशिवाय झोपत नाही. निघताना म्हणाली, "तुमी पण चला की." मी म्हणालो, घराकडे कोण बघणार? पहिल्यांदा विचारलं की नाहीच म्हणायचं असतं, लगेच हो म्हटलेलं बरं दिसत नाही. माझी बॅग रात्रीच भरून दाराआड ठेवली होती.
हायवेपर्यंत सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. ती बाळाच्या दातांबद्दल सांगत होती, मी हो-हो करत होतो. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात केला.
दुसऱ्यांदा म्हणाली असती तर गेलो असतो.