डॉक्टरांच्या गाडीचा हिरवा

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून पुन्हा मॉडेल गाड्या. दहावीनंतर बंद केलं होतं, मध्ये अकरा वर्षं गेली. पहिल्याच दिवशी नोंद करून ठेवते की हा छंद नाही, प्रकल्प आहे. छंद रिकाम्या माणसांना असतात.

प्रकल्प असा: माझ्या जुन्या खोक्यातली १:२४ मापाची फियाट. लाल रंग काढायचा, मग प्रायमरचं अस्तर, हिरवा, वरून पारदर्शक क्लिअर कोट, पॉलिश. गिरगावातल्या डॉक्टरांची जी हिरवी फियाट माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ड्रायव्हर म्हणून सव्वीस वर्षं चालवली, हुबेहूब ती. मे महिन्यात डॉक्टरांनी ती विकली आणि अप्पा घरी बसले. तेव्हापासून अप्पा आतून खचलेत. हे घरात फक्त माझ्या लक्षात आलंय.

दर दसऱ्याला पहाटे जाऊन ते ती गाडी धुवायचे, हार घालायचे. यंदा हार घालायला गाडीच नाही. दसरा २ ऑक्टोबरला. पंचवीस दिवस. मी रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, दिवसभर दुसऱ्यांचे रंग नापास करते. पंचवीस दिवस जरा जास्तच होतात.

आई म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नको. मी म्हटलं, नवीन नाही, जुनंच आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

निवृत्तीनंतरच्या नैराश्याची सात लक्षणं सांगणारा लेख सापडला. अप्पांना सहा लागू. जास्त झोप: साडेआठपर्यंत. जुन्या कामाबद्दल बोलणं टाळणं: टाळतात. अचानक नवे नाद: तळमजल्यावर कॅरम, रोज दोन तास, आणि जिंकले की जिना चढताना गुणगुणतात. खालच्या राजेशने एका शेठकडे ड्रायव्हरची जागा आहे म्हणून सांगितलं, तर त्याला हात जोडले. दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग हातात घेणं सहन होत नसणार. गाडी पुसायचं पिवळं फडकं त्यांनी स्वतःहून आईला गॅस पुसायला दिलं. यावर काय बोलणार.

सातवं लक्षण भूक मंदावणं. काल तिसरी भाकरी मागून घेतली. लपवतायत.

१३ सप्टेंबर, शनिवार

सरप्राइज असल्यामुळे थेट विचारता येत नाही. सहज विषय काढला की डॉक्टरांच्या गाडीचा हिरवा नेमका कसा होता. अप्पा म्हणाले, हिरवा. बाटलीसारखा की पानासारखा? म्हणाले, गाडीसारखा. आणि टीव्हीचा आवाज वाढवला. विषय जिव्हारी लागला.

प्लास्टिकच्या चमच्यांवर साध्या ब्रशने एकोणीस हिरवे मारून गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवले. दुपारी मोजले तर सोळा. चाळीत तीन चमचे कोणी नेले याचा तपास करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी अप्पा कॅरम खेळून येताना कठड्यापाशी थांबले. विचारलं, ऑफिसचं का? म्हटलं, हो. अकराव्या चमच्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा बघ, डॉक्टरांचा.” चष्मा न लावता. सोळांतून एक.

जखम अजून ओली आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रायमर दोन हात, अकरा नंबर तीन हात. एअरब्रश अकरा वर्षांनी हातात घेतला. हात विसरत नाही. पहिल्या फवाऱ्यात डाव्या दारावर ओघळ आला तो नोझलमुळे.

लवूकाका मागे उभे होते. ते आमच्या शेजारच्या खोलीत राहतात आणि लालबागला त्यांची गणपतीच्या मूर्ती रंगवायची शेड आहे. सीझन संपल्यामुळे त्यांना आता माझ्या मागे उभं राहायला वेळ आहे. “गो इरा, ह्या कोणासाठी?” म्हणाले. अप्पांसाठी, पण बोलायचं नाही. “अप्पाक इचारलंस?” सरप्राइज विचारून कसं देणार, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

क्लिअर कोट. लवूकाका दारातूनच म्हणाले, “आज मारू नको. हवा ओली आसा.” मी त्यांना आर्द्रतामापक दाखवला. ५८ टक्के. पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाला आकडा दाखवला की माणूस गप्प होतो. ते गप्प झाले आणि खुर्ची घेऊन बसले.

दहा मिनिटांत गाडी दुधाळ झाली. ताकात बुडवून काढल्यासारखी.

२१ सप्टेंबर, रविवार

कारण सापडलं. माझी पद्धत अचूक होती, उपकरणही अचूक होतं. फक्त ते मी कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं. रंग मारला गॅलरीत. म्हणजे तांदळाची आर्द्रता ५८ टक्के होती, आणि तांदूळ खरोखर उत्तम आहे.

रंग काढून परत पहिल्यापासून. अकरा दिवस उरले. वेळापत्रकात पुरेसा वाव आहे.

अप्पा दिवसभर घरी नव्हते. कॉटन ग्रीनला एका जुन्या मित्राकडे गेले होते, पायी. सव्वीस वर्षं गाडीत बसलेला माणूस पायी जातो. परत आल्यावर म्हणाले, लय बरं वाटलं. आवाजात एक पोकळी होती. आईला ऐकू आली नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा क्लिअर कोट बुधवारी बसला होता. स्वच्छ, पारदर्शक. आज पॉलिश. नियम साधा आहे: आधी दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग तीन हजार, पाच हजार, शेवटी पॉलिशची क्रीम. टपाच्या कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे हात हलका ठेवायचा. हे मी ऑफिसात दर सहा महिन्यांनी नव्या मुलांना स्लाइडवर शिकवते.

दुपारी पावणेचारला टपाच्या कडेतून प्रायमर दिसायला लागला. राखाडी, चार मिलिमीटर. लगेच दुसरी कडही घासली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

आईने विचारलं, अगं एवढी घासतेस कशाला, चमकत होती की. मी म्हटलं, चमक आणि फिनिश यांत फरक असतो. ती म्हणाली, हो, मघाशी चमक होती.

२८ सप्टेंबर, रविवार

काही कामं बाहेर सोपवावी लागतात. कंपन्यासुद्धा सोपवतात. लालबागला लवूकाकांच्या शेडमध्ये गेले, देखरेख माझी. त्यांनी गाडी हातात घेऊन उजेडात फिरवली आणि काही माहीतच नसल्यासारखं विचारलं, “कोणी मारलंन ह्या?” मी म्हटलं, एका ओळखीच्या मुलीने. “हात बरो आसा. घाई लय.”

कडांवर हिरवा, मग वरून क्लिअर. चार मिनिटं. काही मोजलं नाही. मध्ये एकदा फोनही घेतला. नंतर मी जाडी मोजली तर सगळीकडे सारखी. योगायोग असतो असा.

निघताना पुन्हा म्हणाले, “तरी अप्पाक इचार गो.” वयस्कर माणसं एकच मुद्दा धरून बसतात.

१ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातलं चमक मोजायचं ग्लॉस मीटर घरी आणलं. कॅलिब्रेशन तपासायला. टप: ९२. मूळ गाडी डॉक्टरांच्या दारात उभी असताना एवढी चमकली नसेल. अप्पा ती रोज फडक्याने पुसायचे, पॉलिश पेपरचे नंबर न बघता.

उद्या पहाटेचा कार्यक्रम: ५.४० पाट, रांगोळी. ६.०० अप्पांना उठवणे. ६.०५ भावनिक क्षण. मी पाणी वगैरे आणायच्या निमित्ताने बाजूला होईन, त्यांना मोकळेपणी रडता यावं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

५.४० – पाटावर गाडी ठेवली. झेंडूचं अख्खं फूल या मापात बसत नाही, म्हणून पाकळ्या ओवून हार केला. पाकळ्या बावीस.

६.०० – आईने आतल्या खोलीच्या दारातच अडवलं. म्हणाली, दसऱ्याला पहिल्यांदा झोपलेत, उठवलंस तर बघ.

७.१५ – घोरतायत.

८.४५ – उठले. तोंड धुतलं, चहा घेतला, बिस्किटं संपवली, मग पाटाकडे आले. चष्मा लावून खाली बसले. गाडी उचलून उजेडात धरली. “रंग बरोबर आहे,” म्हणाले. इथपर्यंत प्रकल्प शंभर टक्के यशस्वी.

मग म्हणाले, “सव्वीस दसरे पहाटे चारला उठून हिला आंघोळ घातली. आपल्या घरातली पूजा एकदाही बघितली नाही. यंदा सुटलो म्हटलं, तर तू हिला उचलून घरात आणलीस.”

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला तिची आठवण येते.

“कोणी सांगितलं?”

लेखाचं नाव सांगितलं नाही. विचारलं, मग मे महिन्यापासून गप्प का आहात? तर म्हणाले, गप्प कुठे, आरामात आहे. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिथूनही हसणं ऐकू येत होतं.

अप्पांनी हळद-कुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटपाशी नेऊन थांबवलं. “डाग पडेल ना याच्यावर?” पडेल, म्हटलं. त्यांनी बोट माझ्या कपाळाला टेकवलं. “तुला आवडतं ना हे सगळं? मग तुझ्यासाठी कर ना, इरू. माझं नाव कशाला लावतेस? शोकेसमध्ये ठेव, छान दिसेल. पण एक सांगून ठेवतो. ती पुसायला मला सांगायचं नाही.”

मग आंघोळ, पूजा, श्रीखंड-पुरी आणि कॅरम.

संध्याकाळी ५.०० – शोकेसला काच नाही. टपावर धूळ बसली होती. पुसली.