निळी, पिवळी, लाल आणि दोन एकर माळ

लिहून ठेवणार: सत्यशीला भ्र. कचरू उजगरे, वय ६८ वर्षे, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड.

वर नाव दिलेली मी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दिवसाउजेडी, चहा झाल्यावर, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर मला वाटले म्हणून लिहीत आहे. यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही. प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. उजवा खांदा सोडला तर शरीराविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे, एवढे एका ओळीत लिहून खरे तर भागले असते. परंतु माझे थोरले बंधू अभिमन्यू गेल्या उन्हाळ्यापासून उमापूर ते चकलांबा सांगत सुटले आहेत की, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, ती रोज सकाळी माळावर जाऊन लोखंडी टोपल्यांत ताटल्या फेकते. त्यातल्या टोपल्या आणि ताटल्या खऱ्या आहेत. सबब मी गेवराईला जाऊन डॉ. उज्ज्वला यांच्याकडून तपासणी करून घेतली. त्यांनी मला वार, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि शेवटी दिवसभर काय करता म्हणून विचारले. मी जे सांगितले ते इथेही लिहिते, कारण पुढची कलमे त्याशिवाय समजायची नाहीत.

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. दूरवर साखळ्या लावलेली टोपली उभी असते आणि कमीत कमी फेकींत डिस्क तिच्यात टाकायची असते. माझ्या डिस्क 'फेअरवे ड्रायव्हर' या जातीच्या आहेत, म्हणजे सर्वांत लांब जाणाऱ्या नव्हेत, पण मध्यम अंतर नेमके गाठणाऱ्या. त्यातही त्या 'अंडरस्टेबल' आहेत. उजव्या हाताने छातीसमोरून डिस्क सोडली की कोणतीही डिस्क शेवटी वेग कमी होताच डावीकडे उतरते. याच्या उलट जातीची, ताठ डिस्क हातात जोर नसेल तर निघाल्यापासूनच डावीकडे पडते. अंडरस्टेबल डिस्क मात्र वेग असेतो आधी उजवीकडे कलते, थोडी तरंगते आणि मग सावकाश डावीकडे परत येते. वारा समोरून असेल तर ती जास्तच उजवीकडे झुकते. सोडताना डावी कड जरा खाली ठेवली तर ती वाटेत आपली आपण सपाट होते आणि सरळ जाते. आमच्या मुरमावर आपटून आपटून तिची कड खरवडते, खाचा पडतात आणि दर वर्षी ती उजवीकडे अधिकाधिक वळू लागते. नव्या डिस्कला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्म्यात जुनी वळते.

डॉक्टरांनी हे अर्धा तास ऐकले, दाखला लिहून दिला आणि पुढच्या रविवारी माळावर येऊ का, असे विचारले. दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. घर. उमापूर येथील तीन खोल्यांचे घर मी आणि माझे पती कालकथित कचरू यांनी स्वकष्टाने बांधले. ते माझी एकुलती एक कन्या अंजली हिला मिळावे. ती फिनलंड देशात तांपेरे शहरी नोकरीला असते आणि इथे राहायला येणार नाही, हे मला माहीत आहे. तिने ते भाड्याने द्यावे किंवा विकावे, पण मोरीच्या बाहेरचे कडुनिंबाचे झाड घेणाऱ्याने तोडू नये, एवढे तोंडी सांगावे. कागदावर ती अट मी घालत नाही. बँकेतली शिल्लकही तिचीच.

कलम २. अवजारे. कचरू एसटीच्या गेवराई आगारात मेकॅनिक होते. त्यांची पान्यांची पेटी गावातले वेल्डर प्रवीण यांना द्यावी. माळावरच्या नऊही टोपल्या प्रवीण यांनी सायकलच्या रिंगा आणि विहिरीच्या जुन्या साखळ्या जोडून केल्या आहेत. पहिली टोपली करताना त्यांनी मला तीन वेळा विचारले की हिच्यात काय शिजवायचे. मी तीनही वेळा खरे उत्तर दिले. पेटीतला चौदा नंबरचा पाना त्यांच्याकडे सात वर्षांपासून आहेच.

कलम ३. माळाची हकीकत. उमापूर शिवारातील गट क्रमांक ३१२ पैकी दोन एकर जमीन मी निवृत्तीनंतर, सन २०१६ साली, खरेदीखताने घेतली. विकणारे अर्जुनराव. गावातल्या ज्या शाळेत मी चौतीस वर्षे मुलींना खेळ शिकवला, तिच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. दर जूनमध्ये मी त्यांच्याकडे मुलींसाठी मैदान मागायची आणि दर जूनमध्ये ते पुढच्या साली बघू म्हणायचे. माझ्या मुली डांबरी रस्त्यावर धावल्या. शेवटी मी माझ्याच पैशाने त्यांच्याच मालकीचा माळ घेतला. तिथे तरवडाशिवाय काही उगवत नसे, म्हणून त्यांनी हसत दिला.

त्याच हिवाळ्यात अंजलीने पहिली डिस्क पाठवली. मी कॉलेजात थाळीफेक करायची, पण पुढे शाळेच्या जिन्यावरून पडून माझा खांदा गेला आणि हात खांद्याच्या वर जाईना. ही डिस्क छातीच्या उंचीवरूनच फेकतात, म्हणून तिने ती निवडली होती. परंतु ती ताठ जातीची निघाली. मी फेकायची आणि ती डावीकडे अर्जुनरावांच्या तुरीत पडायची. चार महिने मी त्यांच्या तुरीतून डिस्क शोधत फिरले. ते बांधावर उभे राहून नुसते बघत, त्याचा मला अधिक राग येई.

मी अंजलीला कळवले. तिने तिकडच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझा खांदा आणि वय सांगितले. त्यांनी एक हलकी निळी डिस्क काढून दिली आणि सांगितले की, आईला म्हणावे जोर लावू नका. ती डिस्क आली त्या सकाळी वारा पडलेला होता. मी सोडली, ती उजवीकडे कलली, आता गेली असे वाटले, आणि मग बाभळीला वळसा घालून मधोमध येऊन बसली. मी खडकावर बसून राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून निघालेली वस्तू मी सांगितले तिथे गेली होती.

पुढे जसा माझा जोर कमी होत गेला तशी निळीही झिजून मऊ वळू लागली. आम्हा दोघींचे चांगले जमले.

कलम ४. तीन डिस्क. तिन्ही एकाच साच्याच्या आहेत, फक्त झिजण्यात फरक आहे. म्हणून त्या हात पाहून दिल्या आहेत, मान पाहून नव्हे. कोणी रुसू नये.

(अ) निळी, सन २०१७ ची, सर्वांत झिजलेली, अर्जुनरावांना द्यावी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे मोठे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. ते बांधाबांधाने चालत येत आणि माझ्या पाचव्या टोपलीपाशी दम खात. एका सकाळी मी निळी त्यांच्या हातात दिली. त्यांच्या हातात जोर राहिलेला नव्हता आणि नेमका तेवढाच तिला पुरतो. माझ्या हातून ती तोवर उजवीकडे लोळत जायची, त्यांच्या हातून सुतासारखी सरळ गेली. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बाई, मैदान द्यायला पायजे हुतं मी."

मी म्हटले, होय, द्यायला पाहिजे होते. त्यानंतर आम्ही सहाव्या टोपलीकडे गेलो. हे वैर मी इथे बंद करते. माझ्यामागे त्यांच्या तुरीचा विषय कोणी काढू नये.

(ब) पिवळी, सन २०२१ ची, अंजलीला. ही डिस्क आता वळणावर आली आहे, ना हट्टी ना मऊ. कडेवरच्या खाचा घासून गुळगुळीत करू नयेत, त्यांच्यामुळेच ती तशी उडते. उन्हात गाडीत ठेवू नये. तिकडे बर्फात डिस्क ताठ होतात असे ऐकते, तर त्या दिवसांत तिने डावी कड कमी खाली ठेवावी आणि हरवली तर रडू नये.

(क) लाल, गेल्या वर्षीची, भामाबाई यांना द्यावी असे लिहिणार होते. पण ती मी गेल्या दिवाळीआधीच देऊन टाकली, तेव्हा ती या कागदात फक्त नोंदीपुरती आहे.

भामाबाई शिरूर कासारच्या, चकलांब्याला दिलेल्या, विधवा, वय अंदाजे बावन्न. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची शेळी माझ्या माळावर चरत असताना निळी तिच्या पुढ्यात पडली. भामाबाईंनी ती उचलून मला परत फेकली आणि ती माझ्या डोक्यावरून पार नाल्यापलीकडे गेली. अठ्ठावीस वर्षे कोयता चालवलेला हात होता तो. चौतीस वर्षांत तसा हात मी शाळेत पाहिला नाही. जुन्या डिस्क त्या हातात टिकत नसत. निघाल्या की लगेच उजवीकडे उलथून जमिनीवर चाकासारख्या पळत. म्हणून त्यांना नवी हवी होती, जोर सोसणारी.

गेल्या हंगामात त्या लाल डिस्क घेऊन कारखान्यावर गेल्या. दुपारी भाकर खाल्ल्यावर तोडलेल्या फडात फेकायच्या. मुकादम आधी ओरडला, मग पैज लावू लागला. उसाच्या बुडख्यांवर आपटून डिस्कची कड खरवडली. एप्रिलमध्ये परत आल्या आणि मला तिची कड बोटाने दाखवत म्हणाल्या, "बाई, आता ही माझं ऐकाया लागली." मी माझ्या साऱ्या नोकरीत मिळालेल्या प्रमाणपत्रांपेक्षा हे वाक्य वर ठेवते. ती प्रमाणपत्रे लोखंडी कपाटात आहेत, रद्दीत द्यावीत.

कलम ५. बंधू अभिमन्यू. यांना मी काही देत नाही, आणि त्याचे कारण ते सांगतील ते नव्हे. ते म्हणतात, सौर कंपनीचा माणूस माळ भाड्याने मागत होता आणि बहिणीने घरात चार पैसे येऊ दिले नाहीत. माणूस आला होता, हे खरे. पण माझ्या मनातली गोष्ट सन १९७७ ची आहे. थाळीफेकीत माझी पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती. वडील आजारी होते, सोबत अभिमन्यू यांनी यायचे होते. ते चार माणसांत म्हणाले की, पोरीनं थाळी वाढायची असते, फेकायची नसते. मी गेले नाही. अठ्ठेचाळीस वर्षे मी ते वाक्य जवळ ठेवले.

हे कलम मी महिनाभरापूर्वी लिहिले आणि त्यांच्या माघारी असे लिहिणे बरे नव्हे म्हणून त्यांना बोलावून वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले,

"मी बीडच्या पलीकडं कंदी गेलतो का तवा? स्टँडावर उतरून कुणाला काय इचारावं, मला काय ठावं. लई भ्याव वाटलं. तुझ्यादेखत ते कसं सांगू? म्हनून तसं बोललो."

मी चहा ठेवला. बावीस वर्षांचा एक घाबरलेला मुलगा मला इतकी वर्षे दिसलाच नव्हता. माझे पुणे त्यामुळे परत येत नाही आणि त्यांना माळही मिळत नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी मान हलवली. पण वरचे 'काही देत नाही' एवढे दुरुस्त करते: कचरूंचे मनगटी घड्याळ अभिमन्यू यांना द्यावे. माझ्या डोक्याविषयी ते आता गावात काय सांगतात, याची मी चौकशी केलेली नाही.

कलम ६. अंत्यविधी. त्रिशरण पंचशील म्हणावे, भाषणे करू नयेत. शाळेच्या माजी विद्यार्थिनी आल्या तर त्यांना उन्हात उभे करू नये. ते मी आयुष्यभर पुरेसे केले आहे.

कलम ७. माळ. कलम ३ मधील दोन एकर जमीन, टोपल्यांसह, भामाबाई यांना पूर्ण मालकीने मिळावी. चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस अर्जुनराव यांची तूर, उत्तरेस पडीक. मी या जमिनीवर कसलीही अट ठेवत नाही. भामाबाईंना ती विकायची असेल तर विकावी, कंपनीला भाड्याने द्यायची असेल तर द्यावी, शेळ्या पाळाव्यात. मी गेल्यावर त्या जागेचे काय व्हावे हे मी ठरवले, तर मी त्यांना जमीन दिली असे होणार नाही. अंजलीला हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, बरोबर आहे आई, आणि मग बराच वेळ भामाबाईंविषयी विचारत राहिली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

भामाबाईंना साक्षीदार म्हणून अंगठा करायचा होता. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असा रिवाज मी त्यांना समजावला, तेव्हा काय मिळते हे सांगणे भाग पडले. त्या उठून माळावर गेल्या आणि नवव्या टोपलीच्या पुढे नाल्याच्या काठाने हिंडत राहिल्या. तासाभराने परत आल्या, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "नऊच हायेत बाई. धावी टोपली कुठं लावू, ते तेवढं कागदात लिवून ठिवा."

मी लिहिलेले नाही. ती जागा त्यांनी ठरवावी.

येथपर्यंतचा मजकूर माझाच आहे, मी तो वाचला आहे, आणि त्यात बदलावे असे आज तरी काही सापडत नाही.

ठिकाण: उमापूर
तारीख: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

(सही) सत्यशीला कचरू उजगरे

आम्ही खालील साक्षीदार. बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, हसत्या तोंडाने सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या कागदान्वये आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

१. (सही) डॉ. उज्ज्वला, गेवराई
२. (सही) तात्याबा, निवृत्त पोस्टमन, उमापूर